गुडघ्याची पुडी: आईच्या अंगात आठ महिने स्टेरॉइड चाललं होतं आणि घरात कोणाला पत्ता नव्हता

धुऱ्यावरचा

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं कापसाच्या भावावर भांडताना दिसतो, आज विषय घरचा आहे. लांबेल, सांभाळून घ्या.

आमची आई, वय ६३. यवतमाळ जिल्ह्यातलं आडवळणाचं गाव, बारा एकर कोरडवाहू. गुडघे सहा-सात वर्षांपासून दुखतात. निंदणाला बसली की उठायला दुसरीचा हात लागायचा. मागच्या पोळ्याच्या सुमारास तालुक्याच्या आठवडी बाजारात एकानं तिला पुड्या दिल्या. ना बोर्ड, ना चिठ्ठी. "जडीबुटी आहे माय, साइड इफेक्ट नाही." कागदाच्या घडीत एक बारकी पांढरी गोळी, एक अर्धी पिवळी आणि ओव्याच्या वासाची राखाडी भुकटी. सकाळ-संध्याकाळ एकेक.

तिसऱ्या दिवशी आई मारुतीच्या पारावर कोणाचा हात न धरता चढली. खरं सांगतो, मी स्वतः जाऊन पुढच्या महिन्याच्या पुड्या आणल्या.

दिवाळीपर्यंत तोंड भरलं, गालावर लाली आली. लग्नात बाया म्हणाल्या, "सुनेचा हात मानवला वाटते, तब्येत सुधरली तुमची." पण हातपाय काड्या होत चालले होते आणि पोट सुटत होतं, हे आम्ही रोज पाहणाऱ्यांना दिसलं नाही. चुलीजवळ तव्याचा कान नुसता घासला तरी दंडावर जांभळा डाग पडायचा. जानेवारीत गावात शिबिर झालं, त्यात शुगर २६८ निघाली, बीपीही वाढलेलं. दोन्हीच्या गोळ्या सुरू झाल्या. पुडीचं आईनं तिथं सांगितलं नाही. का, तर "औषध कोणतं घेता असं इचारलं, जडीबुटी घेता का असं नाही इचारलं."

एप्रिलमध्ये जावई आले. त्यांनी आईचं तोंड पाहिलं आणि म्हणाले, "यात स्टेरॉइड आहे, आजच्या आज बंद." मी उरलेल्या पुड्या उकिरड्यात फेकल्या. चौथ्या दिवसापासून आईला उठवेना. मळमळ, उलटी, अंग मोडून आलेलं. ऊन लागलं समजून आम्ही पन्हं पाजत राहिलो. सहाव्या दिवशी पहाटे ती असंबद्ध बोलू लागली, घामानं लुगडं ओलं. शेजारच्या मास्तरकडचं शुगरचं मशीन आणलं, ४८ दाखवलं. तोंडात साखर घातली आणि गाडी काढली. दवाखान्यात बीपी ८० वर ५०. तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी आईच्या गालाकडं पाहिलं, दंडावरचे डाग पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "गुडघ्याला काय घेत होत्या?" मग शिरेतून हायड्रोकॉर्टिझोन १०० मिलीग्राम, ग्लुकोज, सलाईन. संध्याकाळी आईनं चहा मागितला.

आता घरी आहे. पण कागदावर प्रेडनिसोलोन लिहून दिलं आहे, सकाळी एक. म्हणजे परत स्टेरॉइडच! ज्यानं मारलं तेच द्यायचं? किती दिवस? आणि शुगर-बीपीच्या गोळ्यांबरोबर हे चालतं का? घरात दोन तट पडले आहेत.

पुण्यातला_वऱ्हाडी

भाऊ, स्टेरॉइड म्हणजे विष. माझ्या ओळखीतल्या एकाची दोन्ही खुब्याची हाडं यानंच गेली. डॉक्टर लोक कमिशनसाठी देतात. ती गोळीही फेकून द्या, कोमट पाणी, मेथीदाणे आणि

डॉ_रानवारा

वरचा प्रतिसाद अर्धवट टाकला गेला ते बरं झालं. गोळी फेकू नका. कृपया. एकदा फेकून काय झालं ते तुम्ही वरच लिहिलं आहे.

मी ग्रामीण रुग्णालयात आहे. अशी दोन-तीन माणसं दर उन्हाळ्यात येतात, आणि निम्म्या वेळा चिठ्ठीवर "उष्माघात" लिहिलेलं असतं.

दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते, अॅड्रिनल. ती कॉर्टिसॉल बनवते. हे नैसर्गिक स्टेरॉइड. सकाळी आठच्या आसपास ते रक्तात सर्वात जास्त असतं, मध्यरात्री सर्वात कमी. बीपी टिकवणं, उपाशीपोटी साखर टिकवणं, ताप-जखम-ऑपरेशनचा धक्का झेलणं ही त्याची कामं. ते किती बनवायचं याचा हुकूम मेंदूतल्या पिट्युटरीकडून येतो, आणि रक्तात पुरेसं दिसलं की हुकूम थांबतो.

आता शेतकऱ्याच्या भाषेत. शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी आठ महिने आपल्या टाकीत पडत राहिलं तर आपली मोटार कोण चालू करील? आणि आठ महिने बंद पडलेली मोटार बटण दाबल्याबरोबर पाणी फेकते का? जाम झालेली असते. आईंच्या ग्रंथी तशा झोपलेल्या आहेत. पुडी हे शेजाऱ्याचं पाणी होतं. तुम्ही ते एका दिवसात तोडलं आणि घरची मोटार उठलीच नाही.

म्हणून ही सकाळची गोळी. ती गुडघ्यासाठी नाही, जगण्यापुरतं कॉर्टिसॉल भरून काढण्यासाठी आहे. ती सकाळीच, खाऊन घ्यायची, कारण शरीराचं स्वतःचं वेळापत्रकही सकाळचंच आहे आणि रात्री घेतली तर झोप उडते. मग आठवड्यांच्या हिशेबानं हळूहळू कमी. अधूनमधून सकाळी आठला कॉर्टिसॉलची रक्तचाचणी, मोटार पाणी देते का ते पाहायला. कोणाचं दोन महिन्यांत जमतं, कोणाला वर्ष लागतं.

४८ चं कोडं मात्र मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शुगर वाढली ती बहुधा पुडीमुळे. त्यासाठी गोळी सुरू झाली. पुडी गेली, शुगर वाढवणारा गेला, पण शुगर पाडणारी गोळी चालूच. वर कॉर्टिसॉल नाही, म्हणजे पडलेली साखर उचलून धरणारंही कोणी नाही. त्यात उलट्या, पोटात अन्न नाही. त्या पहाटे मास्तरांचं मशीन नसतं तर मी काय लिहिलं असतं माहीत नाही.

शुगरच्या गोळीचा डोस आता नव्यानं ठरवावा लागेल. पुढच्या वेळी जाल तेव्हा हे मुद्दाम विचारा. प्रेडनिसोलोन सकाळी घेतलं की साखर दुपारी-संध्याकाळी चढते, सकाळची उपाशीपोटी तपासणी कधीकधी अगदी चांगली येते आणि फसवते. दुपारच्या जेवणानंतरचीही मोजत जा.

धुऱ्यावरचा

डॉक्टरसाहेब, मोटारीचं आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "मंग माही मोटर जळली का जाम हाय ते पाह्य म्हना."

डॉ_रानवारा

जाम आहे म्हणा. जळालेली नाही.

मेडिकलवाला_भाऊ

काउंटरच्या अलीकडून लिहितो. वाशीम जिल्ह्यात एकोणीस वर्षं दुकान आहे.

ती बारकी पांढरी गोळी म्हणजे डेक्सामेथासोन (थोडक्यात डेक्सा) किंवा बीटामेथासोन ०.५ मिलीग्राम असण्याची दाट शक्यता, दोन्ही स्टेरॉइडच. अर्धी पिवळी बहुतेक दुखण्याची. भुकटी नुसती सोंग. लोकांची फसगत इथं होते: ०.५ म्हणजे केवढंसं! पण ही औषधं वजनावर मोजायची नसतात. आपल्या शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजेच हायड्रोकॉर्टिझोन, २० मिलीग्राम जे काम करतं तेच प्रेडनिसोलोन ५ मध्ये करतं, मिथाइलप्रेडनिसोलोन ४ मध्ये आणि डेक्सा पाऊण मिलीग्राममध्ये. शिवाय डेक्साचा अंमल दीड ते तीन दिवस राहतो. म्हणजे दिवसाला दोन पुड्या खाणाऱ्या माणसाच्या ग्रंथीला उसंत मिळतच नाही. प्रेडनिसोलोनचा अंमल बारा ते छत्तीस तास, म्हणून सोडवताना तेच बरं पडतं.

आणि गावोगावचं ते "ताकदीचं इंजेक्शन"? दोन मिलीच्या बाटलीत ८ मिलीग्राम डेक्सा असतो. प्रेडनिसोलोनच्या हिशेबात पन्नासच्या वर. अंगदुखी, सर्दी, खाज, सगळ्याला तेच, वर दुखण्याचं दुसरं. माणूस संध्याकाळी वावरात जातो आणि म्हणतो, डॉक्टरच्या हाताला गुण आहे.

कबुली देऊन टाकतो. सुरुवातीची चार-पाच वर्षं मीही चिठ्ठीशिवाय या गोळ्या सुट्या दिल्या आहेत. गिऱ्हाईक म्हणायचं, "ते बारीक गोळी द्या जी, जेनं भूक लागते." एक बाई तीन वर्षं न्यायची. एक दिवस तिचा मुलगा तिला काठी धरून आणताना दिसला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, वय चाळीस-बेचाळीस. त्या दिवसापासून बंद केलं. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात गेलं, तो भाग वेगळा.

आता कशाबरोबर काय नको, ते सांगतो, हे आमचं रोजचं आहे. आईंना गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक अशी दुखण्याची गोळी कोणी दिली तर आधी डॉक्टरांना विचारा. एकटं स्टेरॉइड जठराला जेवढा त्रास देतं त्याच्या कितीतरी पट ही जोडी देते. संडास डांबरासारखी काळी दिसली की थेट दवाखाना. बीपीच्या गोळीच्या नावाशेवटी "एच" आहे का बघा, असेल तर तिच्यात बहुधा लघवी वाढवणारं औषध आहे. ते पोटॅशियम बाहेर काढतं आणि स्टेरॉइडही काढतं. पायात गोळे येणं, छातीत धडधड, गळाल्यासारखं वाटणं. त्यात हृदयाची डिगॉक्सिन चालू असेल तर प्रकरण जिवावर जातं. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन असेल तर तपासणी लवकर-लवकर करावी लागते, गणित वरही जातं, खालीही जातं.

लघवीच्या जळजळीला किंवा जुलाबाला सिप्रो, ओफ्लॉक्स, लिव्होफ्लॉक्स ही अँटिबायोटिकं सर्रास दिली जातात. साठीनंतर स्टेरॉइडबरोबर ही घेतली तर टाचेमागची, स्नायू हाडाला जोडणारी शीर तुटण्याचा धोका वाढतो. माझ्या एका गिऱ्हाइकाची तुटली, बैलाच्या मागं धावताना. टाच अचानक दुखू लागली तर चालत राहू नका.

आणि जडीबुटीवाल्यांसाठी: ज्येष्ठमध. खोकल्याला काडी चघळली तर काही नाही, पण रोज काढा घेतला तर तेही पोटॅशियम पाडतं आणि प्रेडनिसोलोनचा जोर वाढवतं.

पुण्यातला_वऱ्हाडी

मोबाइलवरून अर्धा प्रतिसाद गेला होता. मेथीदाण्याचं मागे घेतो. पण खुब्याचं खरं आहे ना?

डॉ_रानवारा

खुब्याचं पूर्ण खरं आहे. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्तपुरवठा बारीक वाहिन्यांतून होतो. जास्त डोसच्या स्टेरॉइडनं तो तुटतो आणि गोळा आतून मरतो, पुढं खचतो. जांघेत दुखतं, मांडी घालून बसता येत नाही. सुरुवातीला एक्स-रे चांगला येतो, एमआरआयवर दिसतं. ही भीती खरी आहे, फक्त तिचा उपाय "एका दिवसात फेका" हा नाही.

झाडीपट्टीवाला

खुब्याचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडं गडचिरोली-भंडाऱ्यात सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार, घराघरात आहे. माझ्या लहान भावाला एसएस पॅटर्न, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला. सिकलसेलमध्ये खुब्याचा गोळा तसाच मरतो, स्टेरॉइड असो-नसो. त्यात गावातल्या माणसानं दुखीच्या प्रत्येक झटक्याला सुई टोचली. सुई घेतली की दोन दिवस एकदम मस्त, पोट्टा सायकल चालवायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आधीपेक्षा दुप्पट दुखी. आम्ही समजायचो, सुईचा असर संपला, अजून एक द्या.

नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं तेव्हा समजलं की सिकलवाल्यांना स्टेरॉइड दिल्यावर ते थांबताच दुखी उलटते, हे माहीत असलेलं आहे. आता हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे, पाणी भरपूर, झटका आला तर वेगळी औषधं. पण डावा खुबा गेला तो गेला. चोवीस वर्षांचा आहे.

आशाताई_वैनगंगा

मी आशा सेविका आहे. टीबीच्या पेशंटांना गोळ्या पोचवते. माझ्या यादीतली एक बाई, आधी दीड वर्ष दम्याच्या नावाखाली अशाच पुड्या खात होती. मग बारीक ताप, खोकला, वजन उतरलं. थुंकी तपासली, टीबी. डॉक्टर म्हणाले, अंगात दडून बसलेला टीबी स्टेरॉइडनं वर काढला. तापही नीट येत नव्हता म्हणून उशीर झाला.

माझा प्रश्न असा की टीबीची गोळी चालू केल्यावर तिची दम्याची प्रेडनिसोलोन डॉक्टरांनी उलट वाढवली. तिच्या नवऱ्यानं मला दारातच अडवलं, "कमी करायची ते वाढवली काहून?" मला उत्तर देता आलं नाही.

मेडिकलवाला_भाऊ

ताई, रिफाम्पिसिन. टीबीच्या गोळीत ते असतं, त्यानं लघवी केशरी होते तेच. यकृतात औषधं मोडणारं एक एन्झाइम आहे, सीवायपी३ए४ नावाचं. रिफाम्पिसिन त्याची फौज वाढवतं. मग प्रेडनिसोलोन घेतलं तरी भराभर मोडून जातं, अंगाला निम्माच उपयोग. म्हणून डोस वाढवतात, कित्येकदा दुप्पट. तिच्या नवऱ्याला सांगा की मजुरांनी अर्धं खाल्लं म्हणून पोतं मोठं आणलं. आणि टीबीचा कोर्स संपला की ती फौज दोनेक आठवड्यांत घरी जाते, तेव्हा डोस परत कमी केला नाही तर तोच डोस जास्त होतो. ती तारीख तुमच्या वहीत आताच लिहून ठेवा.

मिरगीची फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन हीसुद्धा फौज वाढवणारीच. उलट बाजूला इट्राकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, एचआयव्हीची रिटोनाविर ही फौज बांधून ठेवतात. मग साध्या डोसमध्ये, कधी तर नुसत्या दम्याच्या पंपाच्या औषधातही, तोंड गोल होतं. नायट्यासाठी सध्या जो-तो इट्राकोनाझोल घेतोय, म्हणून सांगून ठेवलं.

संत्रा_मोर्शी

नायट्यावरून आठवलं. आमच्या बागेतल्या मजुरांत जांघेतला गजकर्ण चार-पाच वर्षांपासून हटतच नाही. सगळ्यांच्या खिशात एकच क्रीम. दोन दिवसांत खाज थांबते, सोडलं की कडेनं फुलत जातं. हेही स्टेरॉइडच का?

डॉ_रानवारा

हो. ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन वाचा. एकाच ट्यूबमध्ये स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं, बुरशीशी लढणारी सूजही दाबतं, बुरशी निवांत पसरते. वर्तुळाची कड पुसट होते, डॉक्टरलाही ओळखू येत नाही. जांघेत कातडी मुळात पातळ, तिथं पांढऱ्या-जांभळ्या रेषा पडतात, त्या कायमच्या. २०१८ मध्ये केंद्रानं अशी १४ लावायची स्टेरॉइडं चिठ्ठीच्या यादीत आणली. काउंटरवर काय चालतं ते भाऊच सांगतील.

मेडिकलवाला_भाऊ

काय सांगू. लोक ट्यूबचा रंग सांगून मागतात.

डॉ_रानवारा

डोळ्याचं राहिलं होतं, तेही टाकतो. सोयाबीन काढताना डोळ्यात कुटार (भुसा) जातं, डोळा लाल होतो, दुकानातून थेंब येतात. थेंबात डेक्सा असेल आणि बुबुळावर बुरशीची जखम असेल तर चार दिवस बरं वाटतं आणि बुबुळ पांढरं पडत जातं. मळणीच्या दिवसांत मी हे दर वर्षी पाहतो. कुटार गेलं की स्वच्छ पाण्यानं धुवा आणि डोळ्याच्या डॉक्टरकडं जा, लाल डोळ्याचे उरलेले थेंब घरात ठेवूच नका.

गुरंढोरं

पशुधन पर्यवेक्षक आहे, माणसांच्या धाग्यात नाक खुपसतो. शेवटच्या तिमाहीतल्या गाभण गाईला डेक्सा टोचला तर गाभ पडतो. गुरांत हे सगळ्यांना माहीत आहे, कास्तकार आधी ओरडतो, "गाभण आहे जी, पाहून टोचा." त्याच कास्तकाराची माय काय खाऊन रायली हे त्याला माहीत नसते.

धुऱ्यावरचा

गुरंढोरं भाऊ, लागलं. पण खरं आहे.

जुना_हातवाला

सगळा धागा वाचला. आता थोडी दुसरी बाजू.

मी चंद्रपूर जिल्ह्यातला, वय ५१. पंधरा वर्षांपूर्वी कुष्ठरोग निघाला. एमडीटीच्या (कुष्ठरोगाच्या गोळ्यांच्या) पाकिटाच्या तिसऱ्या महिन्यात एका रात्रीत चट्टे लाल सुजले, कोपरातली शीर (मज्जातंतू) दोरीसारखी जाड झाली आणि दोन बोटं वाकू लागली. मला वाटलं गोळ्याच बाधल्या. डॉक्टर म्हणाले, ही रिअॅक्शन आहे. मेलेल्या जंतूंवर शरीरच चवताळून उठतं आणि त्या सुजेत आपली शीर चिरडते. एमडीटी चालू ठेवायची आणि वर प्रेडनिसोलोन ४० मिलीग्राम, मग टप्प्याटप्प्यानं खाली, तीन महिने. आधी जंताची गोळी दिली, थुंकी आणि शुगर तपासली.

तोंड माझंही सुजलं होतं. झोप जायची, भूक राक्षसासारखी, बायकोवर उगाच खेकसायचो. एकदा तर मध्यरात्री उठून गोठा झाडला. पण बोटं सरळ झाली. आज मी त्याच हातानं हे टाइप करतोय. माझ्या बरोबरच्या एकानं लोकांचं ऐकून मधेच सोडलं, त्याचा पंजा वाकलेला आहे. आनंदवनाच्या वाटेवर असे हात आम्ही लहानपणापासून पाहिले आहेत, त्यामुळं विष म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

संत्रा_मोर्शी

मुलीला दमा आहे, पंप दिला आहे, बुडेसोनाइड. सासूबाई म्हणतात सवय लागेल. हे सगळं वाचून मलाच भीती वाटायला लागली.

डॉ_रानवारा

पंप बंद करू नका. त्यात मोजमाप मायक्रोग्रामचं आहे, मिलीग्रामचा हजारावा भाग, आणि औषध थेट श्वासनळीत जातं. पंप घेतल्यावर गुळणी करून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते, आवाज बसतो. दर भेटीत मुलीची उंची मोजून घ्या. पंप सोडून दम वाढला की शेवटी गोळ्या आणि सुया घ्याव्या लागतात, म्हणजे सासूबाईंना नको असलेलंच जास्त होतं.

जुना_हातवाला यांनी मुद्द्याचं सांगितलं. कॉर्टिझोन नावाचं स्टेरॉइड १९४८ मध्ये पहिल्यांदा संधिवाताच्या एका बाईला दिलं गेलं, अमेरिकेत, फिलिप हेंच नावाच्या डॉक्टरांनी. अंथरुणाला खिळलेली बाई काही दिवसांत चालत बाजारात गेली. १९५० ला हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. धुऱ्यावरचा यांच्या आई पारावर चढल्या तोच हा चमत्कार. गोळी पेशीत शिरते, तिथल्या रिसेप्टर नावाच्या प्रथिनाला धरून थेट केंद्रकात जाते आणि कोणती जनुकं चालवायची, कोणती दाबायची हेच बदलते. सूज पेटवणारी प्रथिनं बनणं थांबतं. पण तोच रिसेप्टर हाडात आहे, स्नायूत आहे, यकृतात आहे. गुडघ्यापुरतं काम कर असं त्याला सांगता येत नाही.

कोविडमध्ये आपण दोन्ही बाजू पाहिल्या. २०२० च्या ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या औषध-चाचणीत डेक्सा ६ मिलीग्राम, जास्तीत जास्त दहा दिवस, यानं ऑक्सिजनवरच्या माणसांचे जीव वाचले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. गावात मात्र पहिल्या तापालाच सुरू झालं, वर शुगर मोजायची नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर नागपुरात काळ्या बुरशीनं जबडे आणि डोळे काढलेली माणसं आली. आमच्या भागातून गेलेले तिघे मला तोंडओळखीचे होते.

पुण्यातला_वऱ्हाडी

कमिशनचं वाक्यही मागे घेतो. माझ्या वडिलांना प्रोस्टेटच्या ऑपरेशनआधी विचारलं होतं, वर्षभरात स्टेरॉइड घेतलं का. आम्ही नाही म्हणालो. आता आठवतंय, गावाकडं गेले की ते "कमरेची सुई" घ्यायचे.

डॉ_रानवारा

हेच विचारतात, कारण झोपलेली ग्रंथी ऑपरेशनचा धक्का झेलू शकत नाही, टेबलावर बीपी पडतं.

धुऱ्यावरचा, तुमच्यासाठीही हेच. पुढचं वर्षभर आईंना ताप आला, पडल्या, दात काढायचा असला, तर सकाळची गोळी दुप्पट करायची का आणि किती दिवस, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. उलट्या होत असतील तर गोळी पोटात टिकत नाही, तेव्हा इंजेक्शनच लागतं, वाट पाहायची नाही. एका पुठ्ठ्यावर "स्टेरॉइड चालू आहे, अचानक बंद करू नये", औषधाचं नाव आणि डोस लिहून आधार कार्डाच्या पाकिटात ठेवा. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं विचारा, डोळे एकदा तपासून घ्या.

धुऱ्यावरचा

(सात आठवड्यांनंतर)

मंडळी, खबर देतो. शुगरची एक गोळी बंद झाली, दुसरी अर्धी. दुपारची शुगर १५० च्या आतबाहेर. बीपीच्या गोळीत "एच" होताच, ती बदलून दिली. प्रेडनिसोलोन ५ वर आलं आहे, पुढच्या महिन्यात सकाळची कॉर्टिसॉल तपासणी. तोंड उतरलं. परवा मावशी आली आणि पहिलं वाक्य, "किती खराब झाली वं बाई तू!" आईनं तिला पूर्ण मोटार समजावून सांगितली, फुटव्हॉल्व्हसकट.

पुडीवाला अजून बसतो. मी गेलो होतो, वाद झाला. चार लोक त्याच्याच बाजूनं बोलले, त्यात दोघांची तोंडं गोल होती. डॉक्टर बाई म्हणाल्या, एक पुडी ठेवली असती तर अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करताना नमुना हाताशी असता. उकिरड्यातून काय काढू आता.

गुडघा मात्र दुखतोच. तो कुठं गेला होता, नुसता दबला होता. पॅरासिटामॉल दिली आहे, वजन कमी करायला सांगितलं आणि मांडीचा व्यायाम: खाटेवर बसून पायाला वजन बांधायचं, पाय सरळ करून दहा आकडे धरायचा. वजन कुठून आणू म्हणून मी तालुक्याला विचारत बसलो, तोवर आईनं घरच्या तूरडाळीची किलोभर पिशवी घोट्याला बांधली होती. आता रोज संध्याकाळी पायरीवर बसून मोजते, आणि सातनंतर आकडा विसरली की परत एकपासून.

मेडिकलवाला_भाऊ

अर्ध्या किलोपासून सुरू करायला सांगा जी. आणि ती डाळ मग शिजवू नका म्हणा.

धुऱ्यावरचा

उशीर झाला भाऊ. काल वरण त्याचंच होतं.